आज गळालेल्या केसाची तारीख

छत्रपती संभाजीनगरात जागोजागी अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. मराठवाड्याच्या गावागावांतून आलेली मुलं-मुली तिथे रात्रीचा दिवस करून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. जागरण, मेसचं जेवण, घरच्यांच्या अपेक्षा, वाढत चाललेलं वय, सगळं एकाच वेळी अंगावर असतं. तरी त्या दिवसांत केस फारसे गळत नाहीत. परीक्षा होते, गावी जाऊन आठ-पंधरा दिवस पोटभर झोप होते, मन निवांत होतं, आणि मग कधीतरी न्हाताना हातात केसांचा पुंजका येतो. आता तर कसलाच ताण नाही, मग हे काय, असं म्हणून तेल बदललं जातं, शांपू बदलला जातो, बोअरच्या पाण्याला दोष दिला जातो. त्वचारोगाचे डॉक्टर मात्र आजची विचारपूस थोडक्यात आटोपतात आणि विचारतात, ‘तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?’

या प्रश्नामागे शरीराचा एक थक्क करणारा हिशेब आहे. तो ठेवणाऱ्या दोन ग्रंथी डोक्यापासून बऱ्याच खाली, पोटात मागच्या बाजूला, मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या आहेत. पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात ॲड्रिनल. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. एवढ्याशा ग्रंथीतून निघालेलं संप्रेरक रक्तातून टाळूपर्यंत जातं आणि केसाच्या मुळाला थांबायला लावतं.

ते कसं, हे कळायला आधी केसाचं आयुष्य पाहू. डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात. शेतातलं पीक एकदम पेरतात आणि एकदम सोंगतात. डोक्यावर मात्र प्रत्येक केसाचा हंगाम वेगळा. एक केस दोन ते सहा वर्षं सतत वाढतो, महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं. त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर अडकून राहतो, ना वाढतो ना पडतो. शेवटी तो गळतो आणि त्याच खोबणीतून नवा केस वर येतो. या खोबणीला केशपुटक म्हणतात. कुठल्याही दिवशी शंभरातले 85 ते 90 केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि बाकीचे बहुतेक विश्रांतीत. म्हणून निरोगी माणसाचेही रोज 50 ते 100 केस गळतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फणीत अडकलेला एखादा केस उजेडात धरून पाहा. मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो विश्रांती पूर्ण करून गळालेला केस आहे. पुष्कळांना वाटतं, मुळासकट उपटला गेला, आता तिथे केस येणार नाही. खरं तर ती गाठ त्या केसाचं स्वतःचं टोक असतं. नवा केस घडवणाऱ्या मूलपेशी टाळूतच राहिलेल्या असतात.

आता समजा, शरीरावर एखादं मोठं संकट आलं: डेंग्यूचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, जवळच्या माणसाचा मृत्यू. वाढीत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. पण विश्रांती तीन महिन्यांची आहे, त्यामुळे केस पडतात ते तीन महिन्यांनी. सप्टेंबरात ताप आला, तर डिसेंबरात न्हाणीघराची जाळी तुंबते. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराला टेलोजेन इफ्लुव्हियम असं नाव दिलं. कोविडच्या लाटांनंतर दोन-तीन महिन्यांनी घरोघरी केस गळू लागले, ते याच हिशेबाने. बाळंतपणानंतरही साधारण तिसऱ्या महिन्यात केस जातात. तिथे कारण इस्ट्रोजेन उतरण्याचं असतं, पण वेळापत्रक तेच.

हे वेळापत्रक किती उपयोगी पडतं, ते 2025 च्या जानेवारीत अख्ख्या महाराष्ट्राला दिसलं. अजिंठ्याची रांग उतरून पलीकडे गेलं की बुलढाणा जिल्ह्यातला शेगाव तालुका लागतो. तिथल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांच्या डोक्याला आधी खाज सुटली, मग नुसता हात फिरवला तरी केस हातात येऊ लागले, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडलं. बायका, पुरुष, लहान मुलं, कोणी सुटलं नाही. बाधितांचा आकडा 18 गावांत 279 पर्यंत गेला. पाणी, शांपू, बुरशी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. गावकऱ्यांची झोप उडाली. टक्कल पडलेल्यांची सोयरीक कशी होणार, इथपर्यंत चिंता गेली.

ताणाने केस जातात हे खरं, पण तीन-चार दिवसांत जात नाहीत. केसाची तीन महिन्यांची विश्रांती ओलांडून इतक्या झपाट्याने टक्कल पडतं, तेव्हा वाढता केस जागच्या जागीच मोडलेला असतो, आणि असं मुख्यतः विषाने किंवा कर्करोगाच्या औषधांनी होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः जाऊन नमुने गोळा केले. त्यांच्या तपासणीत सेलेनियमचं प्रमाण रक्तात 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं आढळलं, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम हे गंधकाच्या कुळातलं मूलद्रव्य. केसाचा कणखरपणा गंधकाच्या बंधांवर उभा असतो. सेलेनियम फार झालं की ते गंधकाची जागा घेतं आणि केस ठिसूळ होतो. पुढे काही गावकऱ्यांची नखंही गेली, कारण नख आणि केस एकाच केराटिनचे बनलेले असतात.

बावस्करांचं नाव इथे आणखी एका कारणाने यायला हवं. ते जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 1951 साली त्यांचा जन्म झाला, तेव्हा तो भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. शिकून ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती, लहान मुलं जास्त. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली: दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय, वेडंवाकडं धावणारं हृदय, शेवटी फुप्फुसात पाणी. विंचवाचं विष नसांच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचा लोंढा सोडतं, आणि माणूस विषापेक्षा स्वतःच्याच संप्रेरकांच्या पुरात बुडतो. या संप्रेरकांची रक्तवाहिन्यांवरची पकड सोडवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरलं. एके काळी 40 टक्क्यांपर्यंत गेलेलं मृत्यूचं प्रमाण पुढे 1 टक्क्याच्या आसपास उतरलं. या कामाची दखल ‘लॅन्सेट’ने घेतली आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या त्या रुग्णांत दिसलेली घाई ही अधिवृक्क ग्रंथीची एक बाजू. या ग्रंथीचा गाभा वेगळा आणि साल वेगळी. गाभ्यातून ॲड्रिनॅलिन निघतं, सेकंदांत काम करतं आणि काही मिनिटांत संपतं. समोरून ट्रक अंगावर आला की छातीत धडधडतं आणि अंगावर काटा उभा राहतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी चिकटलेला बारीक स्नायू आवळला जातो म्हणून हा काटा येतो. त्या स्नायूवर येणारी चेतातंतूची फांदी केसाच्या मूलपेशींनाही बिलगलेली असते, आणि तिच्यातून पाझरणारं थोडंसं नॉरॲड्रिनॅलिन त्या मूलपेशींना कामाला उठवतं, असं हार्वर्ड विद्यापीठातल्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेने तैवानमधल्या सहकाऱ्यांबरोबर 2020 मध्ये उंदरांवर दाखवलं. क्षणाची भीती केस गाळत नाही. केस रोखून धरणारं संप्रेरक ग्रंथीच्या सालीत तयार होतं.

त्याचं नाव कॉर्टिसॉल. पहाटे ते चढतं, सकाळी शिगेला असतं, मध्यरात्री तळाला जातं. रोज उठून कामाला लागण्याची ताकद त्यानेच येते. ताप, उपासमार, जखम, काळजी, कशानेही मेंदूने इशारा दिला की साल जास्त कॉर्टिसॉल सोडते, आणि संकट लांबलं की ते चढलेलंच राहतं. हे संप्रेरक केसाला नेमकं कुठे थांबवतं, याचं उत्तर शू यांच्याच प्रयोगशाळेने 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये दिलं. तो प्रयोग जवळून पाहावा इतका सुंदर आहे.

उंदरांत कॉर्टिसॉलचं काम कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं त्याचं भावंड करतं. संशोधकांनी काही उंदरांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. साध्या उंदराच्या केसाची विश्रांती 60 ते 100 दिवसांची असते. ग्रंथी काढलेल्या उंदरांत ती 20 दिवसांच्याही आत आली, आणि केस पुन्हापुन्हा उगवू लागले. मग त्या उंदरांना कॉर्टिकोस्टेरॉन परत दिलं, तशी विश्रांती पुन्हा लांबली. दुसऱ्या एका गटाला कित्येक आठवडे बारीकसारीक त्रास दिला: पिंजरा तिरका करायचा, खालचं गवत ओलं करायचं, दिवे अवेळी लावायचे आणि विझवायचे. त्यांच्या रक्तात हे संप्रेरक चढलं आणि केस विश्रांतीतच अडकून पडले.

पुढचा शोध आणखी अनपेक्षित. संप्रेरकाचा आदेश थेट मूलपेशींना जात असेल असं कोणालाही वाटेल. पण मूलपेशींतून त्याचं ग्राहक-प्रथिन काढून टाकलं तरी काही फरक पडला नाही. फरक पडला तो केसाच्या तळाशी बसलेल्या, मूलपेशींना मार्गदर्शन करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यातून ते काढल्यावर. हा पुंजका एरवी गॅस-6 नावाचं प्रथिन स्रवतो, आणि त्या प्रथिनाने मूलपेशी जाग्या होतात. ताणाचं संप्रेरक पुंजक्याला गप्प करतं, गॅस-6 थांबतं आणि मूलपेशी झोपून राहतात. संशोधकांनी कातडीत गॅस-6 बाहेरून पुरवलं, तेव्हा ताण चालू असतानाही केस उगवले. हे सगळं उंदरांत झालं आहे. माणसासाठी त्यातून अजून औषध तयार झालेलं नाही. पण मूत्रपिंडावरची ग्रंथी आणि टाळूवरचा केस यांच्यामधली वाट त्यातून पहिल्यांदाच टप्प्याटप्प्याने दिसली.

असं का व्हावं, हेही विचार करून पाहण्यासारखं आहे. केस घडवणाऱ्या पेशी शरीरातल्या सर्वांत झपाट्याने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि त्यांना प्रथिन, लोह, ऊर्जा सतत लागते. ताप चढलेल्या किंवा उपाशी शरीराने हृदय, मेंदू आणि जखमा यांच्याकडे आधी पाहिलं आणि केसाचं काम पुढे ढकललं, तर त्यात शहाणपण आहे.

वाढत्या केसात रक्तातलं कॉर्टिसॉल थोडंथोडं उतरतही जातं. टाळूलगतचा 1 सेंटिमीटर केस मागचा महिना सांगतो, त्याच्या पुढचा सेंटिमीटर त्याआधीचा. इस्राएलमधल्या एका रुग्णालयात हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या पुरुषांचे टाळूलगतचे 3 सेंटिमीटर केस तपासले, तेव्हा इतर रुग्णांच्या तुलनेत त्यांच्यात कॉर्टिसॉल जास्त निघालं. झटक्याआधीचे तीन महिने त्या केसांत नोंदले गेले होते.

ग्रंथीच्या सालीतून आणखी एक संप्रेरक निघतं, आणि त्याची चाल वर्षांची आहे. त्याचं नाव डीएचईए. जन्मानंतर ते जवळजवळ नाहीसं होतं. वयाच्या सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास सालीचा सर्वांत आतला थर जागा होतो आणि ते पुन्हा वाढू लागतं. मुलांच्या घामाला मोठ्यांसारखा वास येऊ लागतो, पुढे काखेत केस येतात, ते त्याच्यामुळे. विशीत ते शिगेला पोचतं आणि मग म्हातारपणापर्यंत उतरत जातं. डीएचईए स्वतः दुबळं असतं, पण कातडीत आणि केशपुटकात त्याचं टेस्टोस्टेरॉनमध्ये आणि पुढे डीएचटी या जबर संप्रेरकात रूपांतर होऊ शकतं.

इथे निसर्गाचं एक विलक्षण कोडं आहे. हेच डीएचटी हनुवटीवरच्या बारीक लवेची दाट दाढी करतं, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या माथ्यावरच्या जाड केसाची बारीक लव करतं. संप्रेरक एकच, पण कोणत्या जागेच्या केसाने ते कसं ऐकायचं हे जनुकांत लिहिलेलं असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांच्यापैकी टक्कलाचा वारसा असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर पडतं. पुरुषांत हे संप्रेरक मुख्यतः वृषणातून येत असल्यामुळे अधिवृक्क ग्रंथीचा वाटा लहान. बायकांत तो मोठा: त्यांच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा सुमारे पाव हिस्सा थेट या ग्रंथीतून येतो, आणि तिने सोडलेल्या कच्च्या मालापासून इतर ऊतींत बनणारा हिस्सा वेगळाच.

म्हणून तरुण मुलीच्या भांगाची रेघ रुंदावत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर नुसतं ‘ताण घेऊ नकोस’ म्हणून भागत नाही. बीजकोशांचा पीसीओएस हे त्याचं नेहमीचं कारण. पण काहींच्या अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल बनवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम जन्मापासून कमी असतं. कॉर्टिसॉलच्या वाटेवर अडलेला माल मग पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. सकाळी काढलेल्या रक्ताच्या एका तपासणीत ते कळू शकतं.

ग्रंथी बिघडली की केस दोन्ही टोकांची साक्ष देतात. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये या ग्रंथी निकामी झाल्याने होणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. त्यात अशक्तपणा येतो, कातडी काळवंडते आणि बायकांचे काखेतले केस जातात. उलट कॉर्टिसॉल अतोनात वाढलं की चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि चेहऱ्यावर लव वाढते. हे दुसरं चित्र आपल्याकडे पुष्कळदा बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडने तयार होतं. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेलं असू शकतं. अशी पुडी महिनोन्‌महिने घेणाऱ्याने डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, आणि ती मनाने एकदम बंद करू नये, कारण तोवर स्वतःची ग्रंथी काम विसरलेली असते.

याच संप्रेरकाचं औषधी रूप केस परतही आणतं. चाई पडते तेव्हा शरीराचेच रोगप्रतिकारक सैनिक केशपुटकावर हल्ला करतात, आणि नाण्याएवढा गुळगुळीत गोल दिसतो. त्या जागी डॉक्टर स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, हल्ला शमतो आणि पुष्कळांचे केस परत येतात.

तेव्हा केस गळू लागले की आधी मागच्या चार महिन्यांच्या तारखा कागदावर लिहाव्यात: ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक डाएट, नवं औषध, दुःख. घाटी रुग्णालयात जा किंवा गल्लीतल्या डॉक्टरकडे, तो कागद सोबत न्यावा. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉइड हेही पाहून घ्यावं, कारण आपल्याकडे बायकांच्या केसांमागे रक्तक्षय पुष्कळदा असतो. काही दिवसांत टक्कल पडलं, किंवा एका घरात नि एका गावात अनेकांचे केस एकदम गेले, तर ते ताणाचं काम नव्हे आणि वाट पाहायची नाही.

ताणाच्या बाबतीत केस पिकणं आणि केस गळणं यांतला फरक तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. शू यांच्या प्रयोगशाळेने 2020 मध्येच उंदरांत दाखवलं, की तीव्र ताणात केस पिकवण्याचं काम अधिवृक्क ग्रंथी करत नाहीत. त्या काढून टाकल्या तरी केस पिकले. ते करतात चेतातंतू. त्यांच्या माऱ्याने रंग देणाऱ्या मूलपेशी एकदम कामाला लागतात आणि सगळा साठा संपून जातो. केस घडवणाऱ्या मूलपेशींचं तसं होत नाही. कॉर्टिसॉल त्यांना झोपवतं, मारत नाही. म्हणूनच ताणाने किंवा तापाने गळलेले केस, कारण दूर झालं की, बहुधा सहा महिन्यांत पुन्हा भरू लागतात. ग्रंथी काढलेल्या त्या उंदरांचे केस तर आयुष्यभर वरचेवर उगवत राहिले. वयाबरोबर केस उगवण्याची ताकद संपत जाते असं आपण धरून चाललो होतो. तिच्यातली बरीचशी ताकद शिल्लक असते आणि नुसती रोखून धरलेली असते, असं हे उंदीर सांगतात. ती सुरक्षितपणे मोकळी कशी करायची, यावर आता संशोधन चालू आहे.